रॉ फाइल: कार्डातून कपाटापर्यंत

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रोडवर दोन कॅमेरे गळ्यात अडकवून उभा राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी घरी परततो, तेव्हा त्याच्याकडे सहज ३,००० रॉ फाइली, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइली, जमलेल्या असतात. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्याची, काहीही न गमावता दाबलेली १४ बिटची फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. म्हणजे एका मिरवणुकीचे ८०-९० जीबी झाले. माणूस दमलेला, कानात ढोल अजून वाजतोय, डोळे मिटायला आलेत. फोटो हरवतात ते याच वेळी. त्यासाठी डिस्क बिघडावी लागत नाही. ‘झालं बहुतेक कॉपी’ असं म्हणून कार्ड फॉरमॅट केलं की पुरे.

म्हणून इथे सॉफ्टवेअरपेक्षा क्रमाला महत्त्व दिलंय. आधी प्रत, मग तपासणी, मग नावं आणि निवड, आणि रंगकाम सगळ्यात शेवटी.

फाइलच्या पोटात काय असतं

सेन्सरच्या प्रत्येक बिंदूने किती प्रकाश मोजला, त्याचे आकडे रॉ फाइलमध्ये असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रत्येक बिंदूसमोर लाल, हिरवा किंवा निळा असा एकाच रंगाचा फिल्टर असतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून सॉफ्टवेअर काढतं. १४ बिटमध्ये प्रत्येक बिंदूला १६,३८४ पायऱ्या मिळतात, १२ बिटमध्ये ४,०९६. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६. मांडवातल्या दिव्यांखाली पिवळाजर्द पडलेला चेहरा रॉमधून माणसात आणता येतो, तो या पायऱ्यांच्या जोरावर.

त्याच फाइलमध्ये कॅमेऱ्याने तयार केलेला एक छोटा-मोठा जेपेगही दडलेला असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतो तो हाच. संगणकात फाइल उघडली की क्षणभर फोटो झकास दिसतो आणि मग फिका पडतो, त्याचं कारणही हेच: आधी आतला जेपेग दिसतो, नंतर सॉफ्टवेअरने स्वतः आकड्यांवरून बनवलेलं चित्र येतं. बिघाड झालेला नसतो. या आतल्या जेपेगचा एक धोका आणि एक फायदा आहे, दोन्ही पुढे येतील.

तिसरी गोष्ट फाइलच्या बाहेर असते. उजेड वाढवला, कातरलं, रंग बदलला, तरी सॉफ्टवेअर मूळ रॉला हात लावत नाही. तुमच्या सगळ्या सूचना ते शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या फाइलमध्ये किंवा स्वतःच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहितं. रॉ जपली आणि सूचना हरवल्या तर फोटो आहे, पण त्यावर घालवलेली रात्र गेली.

निकॉनची फाइल एनईएफ, कॅननची सीआर२ आणि २०१८ पासूनच्या कॅमेऱ्यांत सीआर३, सोनीची एआरडब्ल्यू, फुजीची आरएएफ. शेवटची अक्षरं बदलून तिथे जेपीजी लिहिलं की फाइल बदलते, असा समज अजून आढळतो. बदलतं ते फक्त नाव, आणि मग ती फाइल बहुतेक ठिकाणी उघडत नाही.

निघण्यापूर्वी

घड्याळ. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींची. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली असेल तर काही कॅमेरे तारीख विसरतात. सकाळ-संध्याकाळची गल्लत झाली तर सगळे फोटो १२ तासांनी सरकतात आणि दुपारची मिरवणूक मध्यरात्री दिसायला लागते. मोबाइलवर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याचा एकेक फोटो काढा. एक कॅमेरा ३ मिनिटं २० सेकंद मागे निघाला तर घरी आल्यावर त्याच्या सगळ्या फाइलींची वेळ तेवढीच पुढे करता येते. अडोबीच्या लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये ‘एडिट कॅप्चर टाइम’ने, इतरत्र एक्झिफटूल या मोफत साधनाने. हा एक फोटो काढला नाही, तर दोन कॅमेऱ्यांचे फोटो एका माळेत ओवणं हे मनस्तापाचं काम आहे.

फाइल क्रमांक ‘कंटिन्युअस’वर ठेवा, नाहीतर प्रत्येक कार्डावर पुन्हा ०००१ पासून सुरुवात. तसंही ९,९९९ नंतर आकडा परत ०००१ वर येतोच, त्यामुळे कॅमेऱ्याने दिलेल्या नावावर कायमचा विसंबून राहू नका.

रॉचा प्रकार निवडताना ‘लॉसलेस कम्प्रेस्ड’ घ्या. ‘अनकम्प्रेस्ड’ने काहीही जास्त मिळत नाही, २४ मेगापिक्सलला सोनीच्या काही कॅमेऱ्यांत तीच फाइल ४७-४८ एमबीची होते. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांत ‘हाय एफिशियन्सी’ नावाचा प्रकार आहे. जागा खूप वाचते, पण तो काही अंशी माहिती गमावणारा आहे आणि काही मोफत सॉफ्टवेअरना तो उघडताना अडचण येते. कार्यक्रमाला जाण्याआधी घरी एक फाइल काढून ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. कॅमेऱ्यातलं एसआरजीबी की अडोबी आरजीबी हे रंगांच्या आवाक्याचं सेटिंग रॉला लागूच होत नाही, त्यात वेळ घालवू नका.

नवं कार्ड तपकीर गल्लीतून आणा नाहीतर घरपोच मागवा, वापरण्याआधी एकदा पूर्ण भरून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही मोफत साधनं कार्डाच्या शेवटच्या बाइटपर्यंत लिहून ते परत वाचून बघतात. १२८ जीबी छापलेल्या बनावट कार्डात खरी जागा ८ जीबीच असेल, तर त्यापुढचे फोटो कॅमेरा निमूटपणे ‘घेतो’ आणि ते कुठेच नसतात.

कार्ड रिकामं करणं

कॅमेरा केबलने जोडण्यापेक्षा रीडर बरा. मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपणं हा अर्धवट कॉपीचा हमखास मार्ग आहे. जुना यूएसबी २.० रीडर सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वाचतो, म्हणजे ६४ जीबीला अर्धा तास. यूएसबी ३ चा रीडर आणि बरं कार्ड असेल तर ९० एमबी मिळतात आणि तेच काम १२ मिनिटांत होतं.

१. एसडी कार्डाच्या कडेची खिट्टी लॉककडे सरकवा. आता बहुतेक रीडरमध्ये संगणक कार्डावर काही लिहू किंवा पुसू शकत नाही.

२. कॅमेरा फोटो ठेवतो ते अख्खं डीसीआयएम फोल्डर कॉपी करा. कट-पेस्ट कधीच नाही. कॉपीनंतर पडताळणी करणारं साधन वापरा: विंडोजवर टेराकॉपीत ‘व्हेरिफाय’ चालू करून, लिनक्सवर रॅपिड फोटो डाउनलोडर, मॅक-लिनक्सवर सवय असेल तर आरसिंक, तेही कॉपीनंतर ‘चेकसम’ पर्याय लावून पुन्हा एकदा चालवून. हे दोन्हीकडचा चेकसम काढून जुळवतात. चेकसम म्हणजे फाइलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला एक लांबलचक आकडा; एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा पूर्ण बदलतो.

३. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि तीही कार्डावरूनच. पहिल्या प्रतीवरून दुसरी काढली तर पहिलीतली चूक दुसरीत इमानेइतबारे उतरते.

४. फाइलींची संख्या आणि एकूण बाइट कार्डाशी जुळवा.

५. आता उघडून बघा, आणि इथेच आतल्या जेपेगचा धोका आहे. बहुतेक व्ह्यूअर वेगासाठी तोच दाखवतात. तो शाबूत असतो आणि खालचे रॉचे आकडे बिघडलेले असू शकतात. म्हणून प्रत्येक कार्डाच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या काही फाइली डार्कटेबल, रॉथेरपी, लाइटरूम किंवा फास्टरॉव्ह्यूअरमध्ये प्रत्यक्ष रॉ म्हणून उघडा. बिघडलेल्या फाइलीत खालचा भाग करडा किंवा गुलाबी पडतो, आडवे पट्टे दिसतात.

दोन पडताळलेल्या प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच. भरलेली कार्डं पाकिटात उलटी ठेवायची पद्धत लावून घ्या. बेलबाग चौकातल्या गर्दीत कोणतं कार्ड रिकामं आहे हे बोटांनी कळलं पाहिजे.

फोल्डर आणि नावं

विषयवार फोल्डर मोडतात. भिगवणला काढलेला फ्लेमिंगो ‘पक्षी’मध्ये, ‘उजनी’मध्ये, की ‘जानेवारीच्या सहली’मध्ये? फोटो एकाच जागी राहू शकतो आणि तारीख ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्याबद्दल वाद नसतो. वर्षाचं फोल्डर, आत दिवसाचं:

२०२४ → २०२४-०९-१७_विसर्जन_लक्ष्मीरोड

वर्ष, महिना, दिवस हाच क्रम. दिवस आधी लिहिला तर यादी लागताना सगळ्या महिन्यांच्या १७ तारखा एकत्र येतात. इथे नाव देवनागरीत छापलंय, पण डिस्कवर ते रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहा. देवनागरी नावं आपल्या संगणकावर नीट चालतात. झिप करून दुसऱ्याकडे पाठवली किंवा लॅबच्या जुन्या संगणकावर गेली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं होण्याची शक्यता असते. नावात मोकळी जागा, अपूर्णविराम, तिरकी रेघ नको. विंडोजवर फोल्डर आणि फाइल मिळून २६० अक्षरांच्या पुढे रस्ता गेला की काही प्रोग्राम अडतात, म्हणून नावात निबंध नको.

प्रसंगाचं नाव मात्र हवंच, आणि आपल्याकडे त्याला खास कारण आहे. आपले सण तिथीने येतात. अनंत चतुर्दशी २०१९ मध्ये १२ सप्टेंबरला होती, २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला, २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला. नुसत्या तारखेवरून पाच वर्षांनी ‘तो विसर्जनाचा फोटो’ सापडणार नाही. पालखीचं तसंच. मिरवणूक मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवशी संपते, तेव्हा फोल्डर पहिल्या दिवसाच्या तारखेचंच ठेवा. फाइलीच्या नावात खरी वेळ येणारच आहे.

ते नाव असं: २०२४०९१७_१४३५१२_४५६७. तारीख, तास-मिनिट-सेकंद, आणि शेवटी कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक. शेवटचा क्रमांक टाकला नाही तर एका सेकंदात काढलेल्या २० फोटोंना एकच नाव मिळतं. दोन कॅमेरे असतील तर त्यांच्यासाठी एकेक अक्षर जोडा. नाव बदलायचं ते वेळ दुरुस्त केल्यावर आणि कुठलीही एडिटिंग करण्याआधी, आणि तेही फोटोच्या सॉफ्टवेअरमधूनच. विंडोजच्या फोल्डरमध्ये रॉचं नाव बदललं तर एक्सएमपी जुन्याच नावाने मागे राहतं आणि फोटो ‘कोरा’ उघडतो.

या एक्सएमपीच्या नावातही फरक आहे. लाइटरूम ४५६७.एक्सएमपी असं लिहितं, डार्कटेबल ४५६७.एनईएफ.एक्सएमपी असं. रॉथेरपीची फाइल वेगळीच, पीपी३ नावाची. फाइली हलवताना पूर्ण फोल्डर हलवलं तर यातलं काहीच लक्षात ठेवावं लागत नाही.

बनवलेले जेपेग आणि टिफ रॉच्या फोल्डरात मिसळू नका. शेजारी ‘तयार’ नावाचं वेगळं झाड ठेवा. ते हरवलं तर रॉ आणि एक्सएमपीवरून पुन्हा बनवता येतं, म्हणून त्याच्या तीन-तीन प्रती जपत बसायची गरज नाही. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘फायनल_खरंच’ ही नावं कोणाच्या संगणकात आहेत ते ज्याचं त्याला ठाऊक.

चाळणी

पक्षी टिपणाऱ्यांनी इथे जरा निर्दय व्हावं. सेकंदाला २० फोटोंच्या वेगाने तीन सेकंद बटण दाबलं की ६० फाइली, १.७ जीबी. त्यातला पंख पूर्ण पसरलेला आणि डोळा धारदार असलेला एक ठेवायचा, फार तर दोन.

पहिल्या फेरीत फक्त नाकारायचं: हललेले, डोळे मिटलेले, समोर कोणाचा तरी मोबाइल आलेला. दुसऱ्या फेरीत एक तारा, तिसरीत दोन. फेऱ्यांमध्ये एक दिवस जाऊ द्या. काढल्या रात्री प्रत्येक फोटो लाडका असतो. नाकारलेल्या फाइली महिनाभर बाजूला ठेवून मग पुसा. एकुलता एक प्रसंग, म्हातारी माणसं, पाडली जाणारी जुनी वास्तू यांचे मात्र तांत्रिकदृष्ट्या वाईट फोटोही ठेवा. पेठेतला वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिली की कोपऱ्यातला हललेला फोटोही दस्तऐवज होतो.

खुणा ताऱ्यांनी करा. तारे एक्सएमपीत जातात आणि बहुतेक सगळी सॉफ्टवेअर ते वाचतात. रंगाची खूण म्हणजे प्रत्यक्षात एक शब्द असतो. एका सॉफ्टवेअरने लिहिलेला शब्द दुसऱ्याच्या यादीत नसेल तर रंग दिसत नाही. लाइटरूमचे ‘कलेक्शन’ आणि ‘व्हर्च्युअल कॉपी’ फक्त कॅटलॉगमध्ये राहतात, एक्सएमपीत नाही. शिवाय लाइटरूम क्लासिकमध्ये एक्सएमपी आपोआप लिहिलं जावं म्हणून कॅटलॉग सेटिंग्जच्या मेटाडेटा पानावर जाऊन ‘ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इनटू एक्सएमपी’वर खूण करावी लागते. हे राहिलं आणि कॅटलॉग बिघडला, तर सगळ्या सूचना एकदम जातात.

शब्द

कीवर्ड युनिकोड मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. एक्सएमपी ते व्यवस्थित सांभाळतं. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली शुद्धलेखनाची: ‘ढोलपथक’, ‘ढोल पथक’ आणि ‘ढोल-पथक’ हे संगणकासाठी तीन वेगळे शब्द आहेत. एक यादी करून तीच वापरा, झाडासारखी: उत्सव, त्याखाली गणेशोत्सव, त्याखाली मानाचे गणपती, आणि त्यात कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली ओळ कॅप्शनमध्ये चिकटवली, तर तिथे मराठी नव्हे, चित्रविचित्र रोमन चिन्हं जातात. तो फॉन्ट लावला तरच ती वाचता येतात, आणि कॅप्शनला फॉन्ट नसतो. कॅप्शन थेट युनिकोडमध्ये टाइप करा.

कोण, कुठे, कधी आणि फोटो कोणाचा, एवढं पुरे. छायाचित्रकाराचं नाव आणि हक्काची ओळ आयात करतानाच साच्यातून भरून टाका, नंतर कोणी भरत नाही.

डीएनजी करावं का?

डीएनजी हा अडोबीने २००४ मध्ये आणलेला, सगळ्यांना वापरायला खुला असलेला रॉ प्रकार. काही कॅमेरे थेट डीएनजीच देतात. इतरांच्या फाइली अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून बदलता येतात. फायदे खरे आहेत: तपशील जाहीर असल्यामुळे ती पुढेही वाचता येण्याची शक्यता जास्त, एडिटिंगच्या सूचना फाइलीच्या आतच राहतात, आणि चित्राच्या आकड्यांचा चेकसम आतच असल्यामुळे लाइटरूम ‘व्हॅलिडेट डीएनजी’ने बिघाड शोधू शकतं.

तरीही सरसकट रूपांतर करू नये असं आमचं मत आहे. एडिटिंगने मूळ एनईएफ किंवा सीआर३ बदलत नाही, बदलतं ते शेजारचं ५-१० केबीचं एक्सएमपी. त्यामुळे मूळ फाइलीचा चेकसम आज काढला तर दहा वर्षांनीही जुळवता येतो आणि बॅकअपला रोज फक्त केबी पाठवावे लागतात. डीएनजीत एक तारा बदलला की २५ एमबीची अख्खी फाइल ‘बदललेली’ ठरते, ती पुन्हा कॉपी होते आणि साधा चेकसम बदलतो. शिवाय निकॉनचं एनएक्स स्टुडिओ किंवा कॅननचं डीपीपी रूपांतरित डीएनजी उघडत नाही. कंपनीचे स्वतःचे रंग आवडणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

रूपांतर खरोखर कामाला येतं ते कॅमेरा नवा आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तेव्हा. एकदाच पैसे भरून घेतलेलं लाइटरूम ६ अनेकांकडे अजून चालतं, पण २०१७ नंतरचे कॅमेरे त्याला ओळखता येत नाहीत. डीएनजी कन्व्हर्टरच्या प्रेफरन्समध्ये ‘कॅमेरा रॉ’ची (अडोबीचा रॉ वाचणारा भाग) जुनी आवृत्ती निवडून फाइली बदलल्या की त्या लाइटरूम ६ मध्ये उघडतात. तिथले बाकीचे पर्याय असे: ‘लॉसी’ला हात लावू नका. ‘लिनिअर’ही नको, त्यात प्रत्येक बिंदूचे तिन्ही रंग आधीच भरून टाकलेले असतात, फाइल कितीतरी पटीने फुगते आणि उद्याचं अधिक चांगलं सॉफ्टवेअर ते काम नव्याने करू शकत नाही. ‘एम्बेड ओरिजिनल’ने आकार जवळजवळ दुप्पट होतो. आणि डीएनजी केल्यावर मूळ फाइल लगेच पुसू नका.

बाहेर देण्यासाठी

अल्बमच्या १२ बाय १८ इंची पानाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सल) ३,६०० बाय ५,४०० पिक्सल लागतात. २४ मेगापिक्सलची फाइल त्याला पुरते. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर एसआरजीबी आणि जेपेग, दर्जा ९० च्या वर. अडोबी आरजीबीत दिलेली फाइल रंगव्यवस्थापन नसलेल्या जागी मरगळलेली दिसते, आणि मग खापर छपाईवर फुटतं.

टिफ फक्त पुढे फोटोशॉप किंवा गिंपमध्ये बारीक काम करायचं असेल तर. २४ मेगापिक्सलचा १६ बिट टिफ १४४ एमबीचा होतो, ८ बिटचा ७२. दाबायला झिप निवडा. १६ बिट फाइलीवर एलझेडडब्ल्यू ही दाबण्याची दुसरी पद्धत लावली तर आकार कमी व्हायच्या ऐवजी अनेकदा वाढतो.

कुठे ठेवायचं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत घराबाहेर. नियम जगभर प्रसिद्ध आहे. पुण्यात त्यातल्या ‘घराबाहेर’ या शब्दाचा अर्थ नकाशा बघून लावायचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा एकाच दिवशी पाण्यात होत्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने अरण्येश्वर-सहकारनगर भागात घरं आणि गाड्या वाहून नेल्या. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. तुमची डिस्क एकतानगरीत आणि ‘घराबाहेरची’ प्रत नारायण पेठेत तळमजल्यावर आत्याकडे असेल, तर दोन्ही एकाच नदीच्या काठावर आहेत. ती प्रत उंचावरच्या भागात, वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावात ठेवा. आणि घरातली डिस्क कपाटाच्या तळच्या कप्प्यात नको.

कामाची प्रत संगणकात किंवा एसएसडीवर. दुसरी साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर, एरवी केबल काढून ठेवलेली. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसलाही तितकीच उपलब्ध असते. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी योग्य नाही. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला विद्युतभार हळूहळू गळतो, आणि उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत आणखी लवकर. रेड लावलेल्या, म्हणजे तोच मजकूर एकाच वेळी दोन्हींवर लिहिणाऱ्या, दोन डिस्क म्हणजे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढंच. चुकून पुसलेलं फोल्डर दोन्हीकडून एकदम जातं. क्लाउडवरच्या ‘सिंक’चंही तेच. पुसलेली फाइल किती दिवस परत आणता येते ते आधी बघून ठेवा.

क्लाउडचा हिशेब अपलोडच्या वेगाने करायचा, डाउनलोडच्या नाही. ५० एमबीपीएस अपलोड खरोखर मिळाला तर १ टीबीला सुमारे ४५ तास, २० मिळाला तर साडेचार दिवसांपेक्षा जास्त. गुगल फोटोजमध्ये ठेवणार असाल तर ‘ओरिजिनल क्वालिटी’च, ‘स्टोरेज सेव्हर’ फोटो दाबतं आणि मग त्याला मूळ प्रत म्हणता येत नाही.

पावसाळ्यात डिस्क झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा प्यायलेत, तापवून कोरडे करा. लेन्सच्या ड्राय बॉक्समध्ये आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवतात, तिथेच डिस्कलाही जागा करता येते. एसीतल्या खोलीतून दमट हवेत आलेली डिस्क लगेच जोडू नका, अर्धा तास थांबा, नाहीतर आत दव धरलेलं असतानाच ती फिरायला लागते.

आणि गुरुवार. देखभालीसाठी वीज जाण्याचा हा वार पुणेकरांना पाठ आहे, तरी मोठी कॉपी नेमकी गुरुवारी सकाळीच लावली जाते. डेस्कटॉप वापरत असाल तर यूपीएस हवाच, निदान नीट बंद करण्यापुरता. फक्त विंडोज वापरणाऱ्यांनी बाहेरची डिस्क एक्सफॅटऐवजी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करावी. एनटीएफएस बदलांची नोंद ठेवतं, त्यामुळे अचानक वीज गेल्यावर सावरण्याची शक्यता जास्त असते.

बिघडलंच तर

कार्ड ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारायला लागलं, तर नाही म्हणा आणि त्यावर एकही फोटो काढू नका. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते. पुढचा फोटो त्याच जागेवर बसला की ती कायमची गेली. लॉकची खिट्टी लावून फोटोरेक हे मोफत साधन चालवा आणि सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत. पण फाइलीच्या पोटात वेळ लिहिलेली असते, त्यामुळे वर सांगितलेलं तारीखवार नाव पुन्हा देता येतं.

रॉचे आकडे बिघडलेत आणि दुसरी प्रतही नाही, अशा वेळी आतला जेपेग एक्झिफटूलने बाहेर काढून बघा. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा असतो. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत १,६१६ बाय १,०८० एवढाच, पण घरच्या अल्बमात ५ बाय ७ पुरता चालून जातो.

वर्ष संपलं की त्या वर्षाच्या सगळ्या रॉ फाइलींच्या चेकसमची यादी करून तिन्ही प्रतींबरोबर ठेवा, आणि वर्षातून दोनदा ती जुळवा. खंडेनवमीला कॅमेरे पूजेसाठी बाहेर निघतातच; डिस्कही काढा, हळदकुंकू बेतानेच वाहा आणि रात्री पडताळणी लावून झोपा. तिथून गुढीपाडव्यापर्यंत साधारण सहा महिने होतात, तेव्हा दुसरी फेरी. आत्याकडची प्रत आणून तिच्यातल्या कुठल्याही दहा फाइली रॉ म्हणून उघडा. एक जरी उघडली नाही, तर ती डिस्क बाजूला काढून उरलेल्या दोन प्रतींवरून त्याच दिवशी नवी प्रत बनवा.